गाडीसाठी वेगळं जीपीएस यंत्र घ्यावं की मोबाइलवर भागवावं?

माझ्या गाडीच्या समोरच्या काचेवर पाच इंची जीपीएस यंत्र आहे आणि एसीच्या झडपेपाशी मोबाइलचा होल्डरही आहे. गाडीत पहिल्यांदा बसणारा माणूस हमखास विचारतो, "मोबाइल असताना हे कशाला?" थोडं अंतर गेलं की तोच विचारतो, "मीही घेऊ का एक?" दोन्हींबरोबर बरीच वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय, की तुम्ही गाडी कुठे चालवता आणि सलग किती तास चालवता, एवढं सांगितलंत तर उत्तर जवळजवळ ठरूनच जातं.

आधी एक गैरसमज दूर करू. 'मोबाइलला इंटरनेट लागतं, खरं जीपीएस यंत्रातच असतं' असं पुष्कळ जण मानतात. तसं नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसाला दोन प्रदक्षिणा घालतात आणि सतत अचूक वेळ सांगत राहतात. किमान चार उपग्रह ऐकू आले की यंत्र असो वा मोबाइल, दोघंही आपली जागा काढू शकतात. त्यासाठी सिम लागत नाही, डेटा लागत नाही. इंटरनेट लागतं ते नकाशासाठी. रेंज गेल्यावर मोबाइलवर आपला निळा ठिपका बरोबर जागी असतो, पण त्याच्याखालचा रस्ता कोरा झालेला असतो, तो यामुळे. यंत्रात मात्र नकाशा आतच भरलेला असतो.

अर्थात मोबाइलवरही नकाशा आधी उतरवून ठेवता येतो. गूगल मॅप्समध्ये ती सोय आहे. फक्त रेंज नसताना तिथे गाडीचाच रस्ता मिळतो. वाहतुकीची स्थिती आणि पर्यायी रस्ते मिळत नाहीत. लोकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर आधारलेली ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड ही ॲप्स तर मुळात ऑफलाइन वापरासाठीच बनलेली आहेत. म्हणजे निव्वळ रेंजच्या भीतीपोटी यंत्र घ्यायची गरज नाही. अट एकच, निघण्यापूर्वी नकाशा आठवणीने उतरवायचा. मी पाहिलेल्या बहुतेकांना ही आठवण रेंज गेल्यावर होते. तुम्हीही त्यातले असाल, तर यंत्राच्या बाजूने पहिला गुण टाका.

जागा पटकन सापडण्यात मोबाइल पुढे आहे. आपण नेमके कुठे आहोत ही माहिती प्रत्येक उपग्रह दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो, तीही अतिशय संथ गतीने, सेकंदाला फक्त ५० बिट. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. मोबाइल ही माहिती नेटवर्कवरून क्षणात घेतो. महिनाभर कपाटात पडलेलं यंत्र घेऊन थेट गाडी हाकलीत, तर उंच इमारती आणि झाडं मध्ये आल्यावर त्याचं ऐकणं तुटत राहतं आणि ते बराच वेळ 'उपग्रह शोधत आहे' असंच दाखवतं. उपाय सोपा आहे. उघड्या आकाशाखाली गाडी उभी ठेवून एक-दोन मिनिटं थांबा, मग निघा. काही नवी यंत्रं उपग्रहांच्या पुढच्या काही दिवसांच्या जागांचा अंदाज स्वतःच बांधून ठेवतात, त्यांना इतका वेळ लागत नाही.

आता जिथे यंत्राची किंमत वसूल होते त्या मुद्द्याकडे येतो: ऊन, वीज आणि फोन.

मोबाइल काचेपाशी उन्हात आहे, स्क्रीन पूर्ण उजेडावर आहे, जीपीएस चालू आहे, डेटा चालू आहे आणि वर चार्जिंगही सुरू आहे. या पाचही गोष्टी त्याला तापवतात. ॲपल आपल्या आयफोनसाठी वापराचं कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस सांगते. उन्हातला डॅशबोर्ड त्याच्या कितीतरी वर जातो. तापलेला फोन आधी उजेड कमी करतो, मग चार्जिंग थांबवतो आणि शेवटी बंद पडतो. उजेड कमी होतो तो नेमका भर दुपारी, जेव्हा जास्तीत जास्त उजेडाची गरज असते. भर दुपारी मोठ्या चौकाच्या तोंडाशी माझ्या फोनचा पडदा असा काळा पडला होता, आणि मला गाडी नको त्या रस्त्याला न्यावी लागली. चुकीच्या वळणाचं तितकंसं वाटलं नाही. वाहत्या रहदारीत मी दोन-तीन सेकंद फोनकडे पाहत राहिलो, याचं फार वाईट वाटलं. यंत्रंही तापतात, पण ती गाडीच्या काचेवर बसण्यासाठीच घडवलेली असतात आणि त्यांना एकच काम असतं. त्यांची आतली बॅटरी लहान असते, जेमतेम तासभर पुरते, म्हणून ती नेहमी गाडीच्या चार्जिंगवरच चालवायची.

दुसरं, फोन हा फोन आहे. नेमकं वळण आलं की कॉल येतो, वर संदेशाची पट्टी सरकते. यंत्रावर वळण, अंतर आणि वेग सोडून काहीच येत नाही. माझ्या मते सुरक्षिततेचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे, आणि दुकानात यंत्र पाहताना तो कुणी सांगत नाही. शिवाय वाटेत उतरताना फोन खिशात जातो, यंत्रावरचा रस्ता तिथेच राहतो. पोहोचल्यावर फोनची बॅटरी भरलेली असते, आणि अनोळखी जागी तिचाच आधार असतो.

यंत्राचा खरा कमकुवतपणा नकाशाच्या वयात आहे. आज सुरू झालेला उड्डाणपूल किंवा काल एकेरी झालेला रस्ता फोनवर लवकर दिसतो. यंत्रावर तो पुढच्या अपडेटला दिसतो, आणि अपडेट वर्षातून मोजक्याच वेळा येतात. शिवाय ती तुम्हाला स्वतः करावी लागतात: संगणकाला केबल लावा किंवा वायफाय जोडा, काही जीबीची फाइल उतरू द्या आणि तोवर मध्येच काही काढू नका. जुन्या यंत्रात जागा अपुरी पडते, मग मेमरी कार्ड घालावं लागतं. हे काम वर्षभर कुणी केलंच नाही की यंत्र आत्मविश्वासाने जुन्या रस्त्याला नेतं, आणि दोष यंत्राला मिळतो.

खोक्यावरचा 'लाइफटाइम मॅप्स' हा शब्दही नीट समजून घ्या. ते आयुष्य तुमचं नसतं, यंत्राचं असतं, आणि ते संपलं हे कंपनी ठरवते. टॉमटॉमने २०१८ मध्ये काही जुन्या यंत्रांचे नकाशे बंद करत असल्याचं सांगितलं. नवे नकाशे पेलण्याइतकी ताकद त्यांच्यात नाही, असं कारण दिलं.

वाहतुकीच्या बाबतीत तुलना करण्यात अर्थ नाही, फोन सरळ जिंकतो. रस्त्यावरच्या इतर फोनांच्या वेगावरून कोंडी कुठे आहे ते तो जवळजवळ त्या क्षणी सांगतो. काही यंत्रं एफएम रेडिओच्या लहरींवरून वाहतुकीची खबर घेतात. ती मोठ्या रस्त्यांपुरती असते आणि उशिरा येते. काही यंत्रं ब्लूटूथने तुमच्याच फोनकडून ती माहिती घेतात, म्हणजे शेवटी फोन लागलाच. गूगलने २००९ मध्ये अँड्रॉइडवर वळणावळणाचं मार्गदर्शन फुकट दिलं, तेव्हापासून यंत्रांचा बाजार आटत गेला, त्यामागे हेही एक कारण आहे.

पत्ता शोधण्यातही फोन उदार आहे. नाव अर्धवट लिहा, चुकीचं लिहा, तो समजून घेतो. यंत्र शहर, मग रस्ता, मग घर क्रमांक असा हट्ट धरतं. आडवाटेच्या जागेसाठी अक्षांश-रेखांश घालायची वेळ आली तर आकड्यांची पद्धत आधी तपासा. २०.५० अंश म्हणजे २० अंश ३० मिनिटं, २० अंश ५० मिनिटं नव्हे. अक्षांशात ही चूक केलीत तर तुम्ही सुमारे ३७ किलोमीटर लांब पोहोचाल.

मग घ्यावं कुणी? रोज शहरातल्या कोंडीतून ये-जा असेल तर यंत्रावर पैसे घालू नका. चांगला होल्डर आणि दमदार चार्जर घ्या. गाडीत कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटोचा, म्हणजे फोनवरचा नकाशा दाखवणारा, पडदा असेल तर तिथेच थांबा, कारण फोन उन्हातून बाजूला ठेवता येतो आणि माझी बरीचशी तक्रार तिथे मिटते. पण महिन्यातून दोन-चारदा सहा-सात तासांचा पल्ला असेल, वाटेत रेंज येत-जात असेल, गाडी घरातले दोघं-तिघं चालवत असतील, तर यंत्र घ्या, समाधान मिळेल. ट्रक किंवा मोठी कॅराव्हॅन चालवणाऱ्यांनी तर त्यांच्यासाठीचं खास यंत्रच घ्यावं. त्यात गाडीची उंची आणि वजन भरता येतं, आणि नकाशात नोंद असलेले बुटके पूल आणि हलके साकव टाळून ते वाट काढतं. साध्या कारच्या ॲपला हे कळत नाही, आणि उंच गाडीच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतू शकते.

जुना फोनच कायमचा गाडीत लावून ठेवण्याची कल्पना पुष्कळांना सुचते. ऑफलाइन नकाशांसह तो छान चालतो. पण तो उन्हात बंद गाडीत सोडून जाऊ नका, जुनी लिथियम बॅटरी उष्णतेने फुगते. दरवेळी काढून न्यायचा असेल तरच हा मार्ग धरा.

यंत्र वापरलेलं घेणार असाल तर विकत घेण्याआधी आकाशाखाली नेऊन चालू करा आणि तारीख पाहा. जीपीएस आठवडे मोजताना १,०२४ झाले की पुन्हा शून्यापासून सुरू करतं, आणि ६ एप्रिल २०१९ ला ती पाळी आली होती. ज्या यंत्रांना त्यासाठीचं अपडेट मिळालं नाही, त्यातली काही तारीख अनेक वर्षं मागची दाखवतात. त्यांचं पोहोचण्याच्या वेळेचं गणितही बिघडू शकतं. मग नकाशाचं साल पाहा आणि त्या मॉडेलला अपडेट अजून मिळतं का, ते कंपनीच्या साइटवर पाहा. केबल आणि काचेवरचा सक्शन कप बरोबर घ्या, कारण जुन्या मॉडेलचे ते वेगळे मिळायला त्रास होतो. आणि घरी आणल्यावर आधीच्या मालकाचं 'घर' आणि त्याच्या फेऱ्यांची नोंद पुसून टाका. तुम्ही पुढे विकाल तेव्हा तुमचीही पुसा. 'घर' म्हणून नेमका दरवाजा न टाकता जवळचा चौक टाकणं बरं, म्हणजे यंत्र चोरीला गेलं तरी चोराला तुमचा पत्ता कळणार नाही.