गायवानमधला ऊलाँग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

तैवानात शिन्चूला राहायला आले, तरी पहिलं वर्षभर माझ्या स्वयंपाकघरात आल्याचा, दुधाचा चहाच उकळत होता. मार्चमध्ये गल्लीतल्या चहाच्या दुकानात आजींनी समोर बसवून ऊलाँग पाजला, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला चहा. एकाच चिमूटभर पानांना त्यांनी सात वेळा पाणी घातलं आणि सातही वेळा चव निराळी आली. त्याच दिवशी मी गायवान घेतला. गायवान म्हणजे बशी आणि झाकण असलेली चिनी मातीची वाटी. आठ महिने रोज सकाळी त्यातच चहा करते आहे, म्हणून हा अनुभव लिहिते.

पहिला गायवान चुकीचा निवडला. दिसायला देखणा होता, पण जाड आणि सरळ काठाचा. उकळतं पाणी ओतलं की काठ इतका तापायचा की बोटं टेकवता येत नसत. दोन आठवड्यांत अंगठ्याला फोड आला. दुसरा घेतला तो ११० मिलिलिटरचा, पातळ आणि बाहेर वळलेल्या काठाचा. त्या वळणापर्यंत पाणी येऊ द्यायचं नाही, अंगठा आणि मधलं बोट काठावर, तर्जनी झाकणाच्या गाठीवर, आणि ओतताना न घाबरता एकदम पूर्ण कलता करायचा. हळूहळू वाकवलं तर वाफ बोटांवर येते. हे हातात बसायला मला महिना लागला. विकत घेताना रंग, नक्षी नंतर बघा, आधी काठ बघा.

मी मुख्यतः नांतो जिल्ह्यातल्या लूगूचा दोंगदिंग पिते. हा भाजलेला, घट्ट गोळ्या वळलेला ऊलाँग. ११० मिलिलिटरला ६ ग्रॅम. पाणी उकळतं. पहिलं पाणी घालून लगेच ओतून टाकते, म्हणजे गोळ्या जाग्या होतात. मग ४५ सेकंद. दुसऱ्या पाण्याला मात्र ३० च, कारण तोवर पानं सुटलेली असतात. पुढे ४०, ५५, आणि शेवटी दीड-दोन मिनिटं. सहा पाणी सहज निघतात. पहिल्यात भाजल्याचा वास पुढे असतो, तिसऱ्यात गोडवा घशात उतरतो. मला तिसरंच सगळ्यात आवडतं. दर वेळी रिकामं झाल्यावर झाकणाची आतली बाजू हुंगायची. चव काय येणार ते तिथे आधी कळतं.

सुरुवातीला मी पानं अंदाजाने टाकायचे. एक दिवस कडू, एक दिवस पाणचट, आणि दोष मी पानांना द्यायचे. मग दशांश दाखवणारा छोटा वजनकाटा घेतला आणि तक्रारच संपली. या सगळ्या सामानात पैसे वसूल करणारी वस्तू कोणती असं विचाराल, तर हा काटा.

ओतायचं ते थेट कपात नाही, आधी एका काचेच्या छोट्या चंबूत. तळाचा चहा वरच्यापेक्षा कडक असतो, चंबूत तो एक होतो, म्हणून चिनी भाषेत याला ‘न्यायाचा पेला’ असं नाव आहे. छोट्या भांड्यात पुन्हा पुन्हा पाणी घालून चहा करण्याची ही पद्धत जिथे पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी आहे त्या चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातल्या छाओचौला मात्र चंबू लागत नाही. तिथे तीन कप चिकटून ठेवतात आणि हात गोल फिरवत थोडं थोडं सगळ्यांत ओततात. या फेरीला ते ‘ग्वान यू नगराला गस्त घालतो’ म्हणतात. शेवटचे कडक थेंब एकेका कपात मोजून पाडायचे, ते ‘हान शिन सैन्य मोजतो’. दोघंही त्यांच्या इतिहासातले सेनापती. शेवटचे थेंब इतके महत्त्वाचे का, ते चंबूशिवाय दोन दिवस करून पाहिलं तेव्हा समजलं.

मे महिन्यात यिंगगे या कुंभारकामाच्या गावाहून मातीची छोटी किटली आणली. ही खरेदी मी पुन्हा करणार नाही. तिची चोच बारीक, पूर्ण रिकामी व्हायला १८ सेकंद लागतात, म्हणजे ३० सेकंदांचा चहा ४८ चा होतो. शिवाय सच्छिद्र मातीने पिंगलिनच्या बाओचोंग या हलक्या ऊलाँगचा फुलांचा वास दबून जातो. भाजलेला दोंगदिंग तिच्यात खरंच मऊ लागतो, एवढं कबूल. आता ती फक्त त्यालाच ठेवली आहे. साबण कधी लावला नाही.

जून-जुलैत बेईपूचा ‘पूर्वेची सुंदरी’ नावाचा ऊलाँग मिळाला. बेईपू आमच्याच जिल्ह्यात. इथे कोवळ्या पानांचा रस तुडतुडे शोषतात आणि त्याला पान जो प्रतिकार करतं, त्यातून मधासारखा वास येतो. त्यामुळे कीटकनाशक मारून चालतच नाही. आपल्या आंब्यावर तुडतुडा म्हणजे संकट, आणि इथे शेतकरी त्याची वाट बघतो! या चहाला उकळतं पाणी नको, ८५-९० अंश पुरे.

साठवणीबद्दल एक सांगते. इथे चहा चार लिआंगच्या पुड्यात मिळतो, म्हणजे १५० ग्रॅम. सोळा लिआंगचा एक जिन, आपल्या शेराच्या सोळा छटाकांसारखा. दोंगदिंगचा पुडा २५ दिवस पुरतो. बाओचोंगचा मी आवडीने जपून वापरला, आणि पावसाळी दमट हवेत महिन्याभरात त्याचा वास गेला. हलका ऊलाँग लहान पुड्यात घ्या आणि संपवा.

दिवाळीत पुण्याला सगळं सामान नेलं. पहिल्याच दिवशी चहावर तवंग आला आणि वास जवळजवळ नाहीच. आमच्या सोसायटीत टँकरचं आणि बोअरचं पाणी मिसळतं, ते जड. दुसऱ्या दिवशी मावशीकडून पालिकेच्या नळाचं पाणी आणलं आणि शिन्चूचीच चव आली. बाबा चाळीस वर्षं अमृततुल्यचा चहा पिणारे. पहिला कप त्यांनी एका घोटात संपवला आणि म्हणाले, “अगं, हे तर चाखण्यापुरतंच झालं.” चौथ्या पाण्याला मात्र स्वतःच कप पुढे केला. मग बशीत पडलेलं पान नखाने उलगडून काठावरचा तांबूस पट्टा बघत बसले. पानं हलवून हलवून कडा दुखावतात, तिथेच हवा लागून रंग येतो, हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, “मग मधलं हिरवंच ठेवतात होय?”

घोटभर कपांनी त्यांचं भागत नाही, म्हणून पुढच्या खेपेला त्यांच्यासाठी १५० मिलिलिटरचा गायवान नेणार आहे, पातळ काठाचा. पानं ८ ग्रॅम, आणि पाणी मावशीकडचं.