‘क्लास ए’चं बटण मला २९ हजारांना पडलं

सांगली-मिरजेत कुणी जुना ॲम्प्लिफायर (गाण्याचा आवाज वाढवून स्पीकरला देणारा डबा) देऊन ‘क्लास ए’ जातीचा घ्यायच्या विचारात असेल, तर पैसे मोजायच्या आधी हे वाचा. मी मोजून बसलोय. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. कागदावर माझ्याकडे काहीच नाही आणि ते का नाही, तेही पुढे येईलच.

माझा जुना ॲम्प वडिलांनी १९८६ साली घेतलेला. क्लास एबी, मागच्या बाजूला २एन३०५५ जातीचे लोखंडी टोपीचे ट्रान्झिस्टर, उचलताना कंबर धरून उचलावा असा. २०१९ च्या महापुरात हरभट रोडकडच्या आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा आधी आईला वर नेलं, मग कागदपत्रांची पेटी आणि तिसऱ्या फेरीला हा ॲम्प. स्पीकर खालीच राहिले, त्यांचे पुठ्ठे फुगून पापडासारखे झाले. ॲम्प वाचला. नंतर नवे छोटे स्पीकर घेतले आणि परत रोजचं सुरू झालं. पहाटे तंबोरा, रात्री किराणा घराण्याची एखादी जुनी ध्वनिमुद्रिका. मिरजेच्या इतक्या जवळ राहायचं आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचं वेड नसायचं, हे जरा अवघडच.

गेल्या वर्षभरात एक गोष्ट कानाला खुपायला लागली होती. रात्री आवाज अगदी बारीक ठेवला की तंबोऱ्याची तार विरत जाताना शेवटी किंचित खरखरायची. मोठ्या आवाजात काही नाही, बारीक आवाजातच. मार्केट यार्डातल्या एका ओळखीच्याला हे बोललो. तो म्हणाला, विश्रामबागेत एक पोरगा ऑर्डरप्रमाणे ॲम्प बनवून देतो, त्याला गाठा.

गाठला. तिशीचा असेल, बोलायला गोड. माझी तक्रार ऐकली आणि लगेच म्हणाला, “काका, एबी म्हणजे दोन गड्यांनी करवत ओढायची. एक ओढतो तेव्हा दुसरा सैल. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना झटका बसतो ना, तीच तुमची खरखर. क्लास ए म्हणजे दोघंही कायम ताणून धरलेले. सैल सोडायचं नावच नाही.”

मुद्दाम सगळं लिहितोय, कारण यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं. एबीत लाटेचा वरचा भाग एक ट्रान्झिस्टर उचलतो, खालचा दुसरा. मधल्या सांध्यापाशी दोघंही थोडे चालू राहावेत म्हणून त्यांना बसल्या जागी थोडा करंट देऊन ठेवतात, त्याला बायस म्हणतात. बायस कमी पडला की सांधा उघडा पडतो आणि तो बारीक आवाजातच जास्त कळतो. क्लास एमध्ये ट्रान्झिस्टर कधी बंदच होत नाही, म्हणून हा सांधाही नाही. पण पिकाला लागो न लागो, रात्रभर मोटर चालू ठेवावी तशी त्याची तऱ्हा. गाणं वाजत नसलं तरी वीज खातो आणि तिची उष्णता करून टाकतो. पोरानं हेही सांगितलं होतं. “थंडीत वर दही लावा काका, मस्त लागतंय,” असं हसत म्हणालासुद्धा. त्याचं शास्त्र खरं होतं, डबा तेवढा खोटा होता.

डबा दिसायला देखणा. जाड ॲल्युमिनियमचं तोंड, दोन्ही बाजूंना हीटसिंकच्या, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकायच्या, पात्या आणि मधोमध एक खटका. एकीकडे ‘एबी’, दुसरीकडे ‘ए’. खटका ‘ए’वर टाकला की काचेमागे नारिंगी उजेड यायचा, व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओची आठवण व्हावी असा. एकाच ॲम्पमध्ये दोन्ही क्लास असतात ही थाप नव्हे. १९७० च्या दशकात यामाहासारख्या कंपन्यांनी असा खटका असलेले ॲम्प काढलेले आहेत. ते मी वाचलं होतं आणि तेवढं वाचलेलं असणंच मला नडलं.

त्यानं माझ्याच पेनड्राइव्हवरचा तंबोरा लावला. एबी. मग खट्, ए. मग परत एबी. दर वेळी ‘ए’वर तारा उजळायच्या, जवळ यायच्या. डोळे मिटूनही ओळखता येत होतं. शेवटी तो म्हणाला, “हात लावून बघा.” वरचा पत्रा गरम होता. मी विचारलं, “किती वॉट?” तो म्हणाला, “दोन्हीत शंभर-शंभर काका. एबीत शंभर, एत पण शंभर.”

चोर तिथंच पकडता आला असता. एकाच ट्रान्सफॉर्मरवर आणि त्याच हीटसिंकवर खऱ्या क्लास एमध्ये गेलं की ताकद घसरतेच. ज्या यामाहांचं मी कौतुक करत होतो, त्यांचीही ‘ए’मधली ताकद नेहमीच्या ताकदीच्या एका कोपऱ्यात बसेल एवढीच असायची. दोन्हीकडे शंभर सांगणारा एक तर अडाणी असतो, नाहीतर समोरच्याला अडाणी धरून चाललेला असतो. मी मान डोलावली.

किंमत ३८ हजार. जुन्या ॲम्पचे त्यानं ९ हजार धरले, राहिलेले २९ हजार मी रोख दिले. पावती मागितली तर वहीचं पान फाडून दिलं. त्यावर लिहिलंय: ‘१ नग ॲम्प. जुना वजा.’ क्लास नाही, वॉट नाही, सही वाचता येत नाही.

दोन महिने मी खूश होतो. डिसेंबरात सौ.नं खरंच एका रात्री त्यावर दह्याचं भांडं ठेवलं. सकाळी दही विळीनं कापावं असं घट्ट. घरात कौतुकच कौतुक. शंभर-शंभर वॉटच्या खऱ्या क्लास एवर रात्रभर भांडं ठेवलं तर दही लागत नाही, पार फाटून जातं. हे मला भाच्यानं नंतर हसून हसून सांगितलं.

पहिला खडा लागला तो मिरजेच्या मित्राच्या तोंडून. तो तंबोरे बनवतो, सतारमेकर गल्लीत त्याच्या घराण्याचं तेच काम. घरी आला, चहा होईपर्यंत तंबोरा ऐकला. मी मोठ्या हौसेनं खटका ‘ए’वर टाकून दाखवला. तो म्हणाला, “मागाशी बरं होतं. आता घोडीवरचा दोरा कुणीतरी पुढं सरकवलाय.” जवारी काढताना, म्हणजे तारेचा घुमारा जुळवताना, घोडीवरचा तारेखालचा दोरा केसभर सरकला तरी आवाजाचा रंग बदलतो, हे त्याचं रोजचं काम. सांधा गेल्यामुळे खरखर जाईल, पण दोरा कसा सरकेल? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भाचा वालचंद कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. रविवारी त्याला बोलावलं. त्यानं आधी मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप लावलं. एबीवरून ‘ए’वर गेलं की काटा तीन डेसिबल वर. “मामा, तुलना करताना आवाज थोडा वाढला की कानाला ‘मोठा झाला’पेक्षा ‘चांगला झाला’ असंच वाटतं. दुकानदारांचा जुना धंदा आहे हा.”

मग त्यानं मला बाजूच्या पात्यांवर हात ठेवायला लावला. गार. अर्धा तास ‘ए’वर चालू असलेल्या ॲम्पच्या पात्या गार आणि वरचा पत्रा मात्र मधोमध तळहाताएवढा गरम.

पुढची तपासणी कुणालाही घरी करता येईल, म्हणून नीट सांगतो. विजेच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. आमच्या मीटरवर ३२०० इम्प छापलंय. म्हणजे तो ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. फ्रिज, राउटर, इन्व्हर्टर, दारावरच्या घंटीचा अडॅप्टर, सगळं बंद करायचं आणि फक्त ॲम्प चालू ठेवायचा, आवाज शून्यावर. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे आणि ११२५ ला त्यानं भागायचं. येतात ते वॉट. तुमच्या मीटरवर वेगळा आकडा असेल तर ३६ लाखांना त्या आकड्यानं भागून घ्या.

क्लास ए पुश-पुल, म्हणजे दोन गड्यांच्या करवतीसारखा, असला तरी जितके वॉट स्पीकरला द्यायची ताकद, त्याच्या किमान दुप्पट तो नुसता बसून खातो. शंभराचे दोन चॅनल म्हणजे ४०० वॉट. दिवा तीन सेकंदांच्या आत लुकलुकायला हवा. सौ. खाली मीटरच्या पेटीपाशी उभी, मी जिन्यात, भाचा वर खटक्यापाशी. “आला का?” “नाही.” “आला?” “नाही हो.” ७६ सेकंदांनी आला. पंधरा वॉटही भरत नव्हते. एबीवर टाकल्यावर तर सौ. कंटाळून कुकर लावायला निघून गेली.

प्लग काढून झाकण उघडलं. आत एवढी मोकळी जागा की उंदीर सुखानं नांदावा. तळाला बोल्टनं घट्ट आवळलेला मोठा ट्रान्सफॉर्मर, त्याच्या सगळ्या तारा कापून वर काळी टेप. वजनासाठी बसवलेला. कोपऱ्यात २४ व्होल्टचा पत्र्याचा स्विचिंग सप्लाय आणि त्याच्याशेजारी पत्त्याच्या कॅटएवढा एक बोर्ड. चिपच्या डोक्यावरचं छोटं हीटसिंक काढल्यावर अक्षरं दिसली: टीपीए३११६डी२. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप, क्लास डी. चॅनलला ५० वॉट, तेही चार ओहमच्या स्पीकरला. माझे स्पीकर आठ ओहमचे, म्हणजे ताकद त्याहूनही कमी.

क्लास डी म्हणजे डिजिटल नव्हे. ए, बी, सीनंतरचं अक्षर एवढाच त्याचा अर्थ. त्यात ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहतच नाही, एक तर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, सेकंदाला चार-चार लाख वेळा. उष्णता नावाला, वीज वाचते. क्लास एच्या अगदी दुसऱ्या टोकाची चीज. आणि बाजारात बोर्ड आणि सप्लाय दोन्ही मिळून दोन हजारांच्या आत.

आता खटका काय करत होता ते बघा. ‘ए’वर टाकलं की एक रेझिस्टर बाजूला पडून आवाज वाढायचा, एका छोट्या कपॅसिटरमधून ट्रेबल थोडा चढायचा, नारिंगी एलईडी लागायचे आणि वरच्या पत्र्याला ॲल्युमिनियमच्या पट्टीनं चिकटवलेला पांढरा सिमेंटचा रेझिस्टर तापायचा. ६८ ओहम, १० वॉट. आमचं दही त्याच्यावर लागलं होतं. मित्राचा दोरा त्या कपॅसिटरनं सरकवला होता.

त्या पोराकडे गेलो. आधी म्हणाला, तुम्ही उघडलंत, आता गॅरंटी गेली. मग म्हणाला, डीसुद्धा चांगलंच असतंय की काका. जुना ॲम्प परत मागितला तर तो कधीच विकला गेला होता. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न बिलाचा केला. मी ‘१ नग ॲम्प’ वाचून दाखवलं. खोटं त्यात काहीच नाही, नग एकच होता. बरीच हुज्जत घालून ६ हजार परत मिळाले, तेही तीन हप्त्यांत.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. गणपती पेठेकडे एक म्हातारे रेडिओ मेकॅनिक बसतात, त्यांना हा सगळा प्रकार सांगितला. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “बायसचा प्रीसेट फिरवून बघितला होता का?” प्रीसेट म्हणजे बायस कमीजास्त करायचा आतला छोटा स्क्रू. जुन्या ॲम्पमध्ये तो वर्षानुवर्षांत सरकतो, धूळ बसते, कपॅसिटर सुकतात. प्रीसेट, चार कपॅसिटर आणि अर्धा दिवस. मजुरी धरून हजाराच्या आत खरखर गेली असती. क्लास बदलायची गरजच नव्हती, क्लास एबी नीट लावायची होती.

तेव्हा कुणी असा दोन क्लासचा खटका दाखवला तर आधी झाकण उघडायला सांगा. नको म्हणाला तर चहा पिऊन उठा. तुलना करताना दोन्हीकडचा आवाज मोबाइलवर मोजून सारखा करून घ्या, नाहीतर कान मोठ्यालाच चांगलं म्हणतो. हात लावायचा तो पात्यांना, अर्धा तास शून्य आवाजावर ठेवून. बिलावर क्लास, वॉट आणि किती ओहमला ते लिहून घ्या. आणि जुना ॲम्प त्याच दिवशी देऊ नका. नवा घरी महिनाभर वाजू दे, मग बघा.

भाच्यानं तो क्लास डीचा बोर्ड काढून प्लॅस्टिकच्या जंक्शन बॉक्समध्ये बसवून दिला. खटका नाही, ट्रेबलचा कपॅसिटर काढला, दिवा एकच, हिरवा. मिरजेचा मित्र परवा येऊन ऐकून गेला. म्हणाला, “दोरा जागेवर आहे.” खरं सांगायचं तर छान वाजतो. दोन हजारांचा आहे असं सांगून कुणी दिला असता तर मी त्याला दुवा दिला असता.

तो ट्रान्सफॉर्मर उरला. यार्डातल्या काट्यावर घातला, साडेसात किलो भरला. म्हटलं, आत तांबं असेल, तेवढे तरी पैसे निघतील. भंगारवाल्यानं पटाशीनं एक पदर सोलला, नखानं खरवडून बघितलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “मालक, ह्याच्यात ॲल्युमिनियमची तार हाय.”