नाशिकमधला मूकपटाचा खेळ: ‘अ कॉर्नर इन व्हीट’ (१९०९)

अमेरिकन दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथने बायोग्राफ या चित्रपट कंपनीसाठी केलेला हा एका रिळाचा मूकपट कॉलेज रोडवरच्या एका छोट्या सभागृहात दाखवला गेला. चित्रपट अव्वल, खेळाचं सादरीकरण मात्र अर्धंकच्चं.

गव्हाचा साठा ताब्यात घेऊन भाव चढवणारा बडा व्यापारी, पेरणी करणारे शेतकरी आणि पावाच्या दुकानातले गरीब गिऱ्हाईक, हे तीन धागे ग्रिफिथ आलटूनपालटून समोर ठेवतो. ही तिन्ही माणसं एकमेकांना कधी भेटतच नाहीत, सगळा संबंध केवळ दृश्यांच्या जोडणीतून उभा राहतो. इकडे मेजवानी रंगात, तर तिकडे पावासाठी लागलेली रांग पुतळ्यांसारखी स्तब्ध! पाच सेंटचा पाव दहाला झाल्याची दुकानातली पाटी नीट पाहा. लासलगावचे कांद्याचे भाव रोज बघणाऱ्यांना ती समजावून सांगावी लागत नाही.

खटकलं ते वेगाचं. हजार फुटी रीळ सेकंदाला १६ चौकटींनी (फिल्मवरच्या सुट्या चित्रांनी) चालवलं तर साडेसोळा मिनिटांच्या वर जातं, २४ ने अकरा मिनिटांत संपतं. इथे २४ ने, म्हणजे मूळ वेगापेक्षा जलद, चालवल्यामुळे पेरणीतली थकलेली, जड पावलं तुरुतुरु पळाली. शिवाय ४:३ (रुंदी:उंची) प्रमाणाचं चित्र रुंद पडद्यावर ताणल्याने माणसं बुटकी दिसली. प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये ४:३ निवडा आणि कडेचे काळे पट्टे खुशाल राहू द्या.

पेटी-तबल्याची साथ सुरेख होती. रांगेच्या दृश्याला वादक थांबले, हे फार योग्य केलं. तेवढा वेग सुधारला तर पुढचा खेळ जरूर बघावा.