शेजारच्या धुराड्याच्या बंबाला निम्मे पैसे दिले, त्याचा वर्षभराचा अनुभव

बंब, म्हणजे मधल्या नळकांड्यात जाळ करून आंघोळीचं पाणी तापवायचं भांडं, शेजाऱ्यांचा आहे. त्यातलं पाणी आमच्या घरात कुणी वापरत नाही. तरीही लिहितोय, कारण त्याचे निम्मे पैसे मी दिले आहेत आणि त्याचा धूर कुठे जातो हे सगळ्यात आधी आम्हाला कळतं. बंबाबद्दल जे काही वाचायला मिळतं ते पाणी किती वेळात तापतं, तोटी गळते का, स्टील कितव्या गेजचं आहे, एवढ्यावरच संपतं. बाहेर पडणाऱ्या धुराचं कुणीच लिहीत नाही.

आम्ही साताऱ्यात शाहूपुरीकडे राहतो. तात्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये चार फुटांचा बोळ. त्यांची न्हाणी बोळाच्या टोकाला आणि तिच्या बरोबर वर आमच्या आईच्या खोलीची खिडकी. आईला जुना दमा आहे. तात्यांचा आधीचा बंब तांब्याचा, त्यांच्या वडिलांच्या काळातला. मधलं नळकांडं वरून उघडं, धुराडं नाहीच. पहाटे पाचला बंब पेटला की सव्वापाचला आईचा ठसका सुरू.

थंड पाणी भरलेल्या बंबाखाली जाळ केला की नळकांड्याच्या भिंती गार असतात. लाकडातून निघणारे वायू धड पेट घेण्याआधीच त्या भिंतींना लागून थंड होतात आणि अर्धवट जळून बाहेर पडतात. डोळ्यांत झोंबणारा पांढरट धूर तो हाच. म्हणून पहिली पंधरा-वीस मिनिटं सगळ्यात वाईट. त्यात आपलं गाव डोंगराच्या कुशीत. एकीकडे अजिंक्यतारा, एकीकडे यवतेश्वर. हिवाळ्यात रात्री गार हवा खाली साचते, वर तिच्यापेक्षा ऊबदार थर बसतो आणि पहाटे वारा पडलेला असतो. धुराला वर जायला वाटच राहत नाही, तो घरांच्या उंचीवरच लोंबकळतो. डिसेंबर-जानेवारीत चारभिंतीच्या टेकडीवरून खाली पाहिलंत तर हा थर डोळ्यांना दिसतो.

भांडण बरेच दिवस चाललं. तात्या म्हणायचे, "आमच्या तीन पिढ्या बंबावर आंघोळ करतात, कुणाला काही झालं नाही." मी कायदाही पाहून ठेवला होता. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. हवा आरोग्याला घातक करण्याबद्दल भारतीय न्याय संहितेत कलम २८० आहे, दंड जास्तीत जास्त हजार रुपये. पण अर्ज, तारखा, पंचनामा, आणि एवढं करून राहायचं त्याच बोळात. गिझर घ्या असं सांगणंही सोपं नव्हतं. ४० लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे १.९ युनिट वीज लागते, आणि त्यांच्या घरात माणसं सहा. शेतावरचं बाभळीचं, आंब्याचं जळण त्यांना फुकट मिळतं. घरावर पत्रा आहे, त्यामुळे सोलर बसवणंही सोपं नव्हतं. शेवटी एके दिवशी तात्यांच्या घरच्या काकी म्हणाल्या, "नवा बंब घ्या म्हणता, पैसे कोण देणार?" मी म्हणालो, धुराड्याचा घेत असाल तर निम्मे मी देतो.

४० लिटरचा, स्टेनलेस स्टीलचा, बाजूला दार, खाली राखेचा कप्पा, हवेसाठी सरकती झडप, चार इंची धुराडं. सहा फूट पाईप, दोन काटकोनी बेंड आणि वर टोपी धरून ७२०० रुपये. माझे ३६००. घरात लावायच्या हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचा भाव काढला होता, तो याच्या तिपटीहून जास्त होता आणि वर दर वर्षी फिल्टरचा खर्च. त्या मानाने हे स्वस्तच पडलं.

पहिल्या महिन्याभरानंतर मी बंबाला पाचपैकी दोन तारे दिले असते. बंब म्हणून तक्रार नाही. पाणी लवकर तापतं, जळण कमी लागतं, आणि तात्या, जे दुकानात तोंड पाडून उभे होते, ते पाहुण्यांना बंब दाखवायला लागले. पण आमचे हाल वाढले. आधी धूर बोळभर पसरायचा, आता तो एका नळीतून एकवटून थेट आईच्या खिडकीकडे यायला लागला. काटकोनात दोनदा वळून पाईप भिंतीबाहेर काढलेला, आणि सहा फुटांचं टोक आमच्या खिडकीच्या चौकटीपेक्षा खालीच संपत होतं.

आणि ती टोपी. या टोपीबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण बंब घेणाऱ्या कुणाचंच तिच्याकडे लक्ष जात नाही. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून पाईपच्या तोंडावर छत्रीसारखा पत्रा बसवतात. आमच्याकडे आलेली टोपी तोंडापासून जेमतेम अर्ध्या इंचावर होती. आता हिशेब करा. चार इंची पाईपच्या तोंडाचं क्षेत्रफळ होतं साडेबारा चौरस इंच. टोपीखालच्या अर्ध्या इंचाच्या फटीतून धुराला चहूबाजूंनी मिळणारी वाट आहे सव्वासहा चौरस इंच. म्हणजे पाईप चार इंची विकला आणि वाट निम्मी बुजवून दिली. वर त्या फटीत काजळी धरली की राहिलेली वाटही कमी होते. फट निदान एक इंच हवी, तेव्हा कुठे पाईपच्या तोंडाएवढी जागा मिळते. काजळीचा विचार केला तर दोन इंच हवी. शिवाय टोपीच्या कडा खाली वळवलेल्या, त्यामुळे बाहेर आलेला धूर वर न जाता खाली ढकलला जायचा. पत्र्याच्या चार पट्ट्या दीड इंचाने लांब ठेवायच्या, बाकी काही नाही. तेवढ्या पत्र्याची बचत करून आमच्या आईच्या खोलीत धूर सोडला.

दुकानात गेलो. उत्तर आलं, टोपी कंपनीकडून येते तशीच बसते. वॉरंटी पाच वर्षं, पण ती टाकी गळली तर. धुराडं त्यात धरत नाहीत. कार्ड काढून दाखवा म्हटलं, तर कार्डावर धुराड्याचा उल्लेखच नव्हता, ना वॉरंटीत धरलंय म्हणून, ना वगळलंय म्हणून. आग्रह धरल्यावर माणूस आला. त्याने सांध्यांना सील लावलं, भेटीचे ३०० रुपये घेतले आणि जाताना सांगून गेला, "लाकूड जाळल्यावर धूर येणारच." धुराड्याचा म्हणून हजार-बाराशे जास्त घेता, मग धूर नीट वर गेला पाहिजे ही जबाबदारी तुमची नाही का? फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवले. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही.

मार्ग निघाला तो पोवई नाक्याच्या पुढे पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिराकडे. त्याने पाईपकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलला, "ओढच नाही याला." धुराड्यातला गरम वायू हलका असतो, म्हणून वर चढतो आणि मागून जाळाला हवा ओढतो. नळी जितकी उंच आणि आतली हवा जितकी गरम, तितकी ओढ जास्त. काटकोनी वळण आलं की ओढ अडते. त्याने दोन्ही बेंड काढून तिरके बसवले, पाईप आमच्या गच्चीच्या कठड्याच्या तीन फूट वर नेला आणि टोपी दोन इंचांवर बसवली. एवढ्या उंच पाईपला आधार हवा, म्हणून क्लॅम्प आमच्या भिंतीत ठोकावे लागले. खर्च २६०० रुपये. तात्या म्हणाले, खिडकी तुमची, क्लॅम्प तुमच्या भिंतीत, मग खर्चही तुमचाच. तो सगळा मी दिला, आणि हे मला अजूनही पटलेलं नाही. बंबाच्या किमतीत निम्मा वाटा असेल तर धुराड्यातही असायला हवा होता.

फरक मात्र दुसऱ्याच पहाटेपासून जाणवला. धूर गच्चीवरून निघून जातो. पेटवतानाची पहिली काही मिनिटं थोडा वास येतो, पण ठसका लागत नाही. तेव्हा माझे दोन तारे चार झाले.

मग नवीनच तक्रार, आणि ती तात्यांची. ओढ वाढल्यावर जळण भराभर संपायला लागलं. उष्णता पाण्याला मिळण्याआधी वरून निघून जाते असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. जळण वाचवायला त्यांनी झडप पेटवल्याबरोबर बंद ठेवायला सुरुवात केली, की लाकूड धुमसतं आणि पुन्हा धूर. बरीच बोलाचाली होऊन असं ठरलं की जाळ धडधडून पेटेपर्यंत झडप पूर्ण उघडी, मग अर्धी. जाड बंबफोड खाली, बारीक काटक्या वर, आणि पेटवायचं वरून. वरून पेटवलं की खालच्या लाकडातून निघणारे वायू जाळातूनच जातात आणि बरेचसे तिथेच जळतात. काकींना आधी पटेना. आता त्या तसंच लावतात. पेटवायला दुधाच्या पिशव्या टाकायच्या, ते मी आधीच बंद करायला लावलं होतं. त्याऐवजी चिपाडं आणि नारळाच्या शेंड्या.

मधल्या काळात भाचा एक छोटं मीटर घेऊन आला, हवेतले पीएम २.५ कण मोजणारं. भारतात चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा हवेच्या घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, २००९ पासून. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली १५ आहे. बंब पेटल्यावर आकडा चढताना मी तात्यांना दाखवायचो. एका धुक्याच्या पहाटे त्यांनीच मला गच्चीवर बोलावलं आणि म्हणाले, "आज बंब पेटवलेलाच नाही, तरी तुमचा आकडा चढलाय की." बरोबर होतं. ही स्वस्त मीटरं प्रकाशाच्या विखुरण्यावरून कण मोजतात, आणि धुक्याचे थेंबही त्यांना कणच वाटतात. तेव्हापासून मी नुसता एक सुटा आकडा पुढे करत नाही. त्याच पहाटे पेटवण्याआधीचा आणि नंतरचा, एवढंच धरतो.

पावसाळ्यात पुन्हा घसरगुंडी. जुलैमध्ये आईची खिडकी परत बंद. धुराडं तेच, झडप तीच, जळण मात्र ओलं. तात्यांनी पावसापासून वाचवायला लाकडं प्लास्टिकच्या कागदात चारही बाजूंनी गुंडाळून ठेवली होती. त्यात ओल आतच कोंडते. ओल्या लाकडाची काही ताकद स्वतःतलं पाणी उडवण्यातच जाते, जाळ गार राहतो आणि धूर वाढतो. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून थोड्या प्रमाणात विकल्या जाणाऱ्या जळाऊ लाकडात २० टक्क्यांपेक्षा जास्त ओल चालत नाही, असा नियमच आहे. आपल्याकडे वखारीत कुणी ओल विचारत नाही. आम्ही विटांवर फळ्या टाकून थप्पी उचलून घेतली, बाजू उघड्या, वर फक्त पत्रा. पुढच्या वर्षीचं जळण उन्हाळ्यातच फोडून रचायचं, असं तात्यांनी कबूल केलंय.

आज तारे किती? बंबाला साडेतीन, दुकानाच्या सेवेला एकही नाही. घ्यायचा असेल तर बंब घ्या, पण त्यांचा पाईप आणि टोपी नको म्हणा आणि तेवढे पैसे कमी करून मागा. ते कमी करतील. पाईप तुमच्या इथल्या कारागिराकडून करून घ्या, तोंड जवळच्या सगळ्यात उंच खिडकीच्या वर, काटकोन टाळून. आणि शेजाऱ्यांशी आधी बोला, कारण क्लॅम्प त्यांच्याच भिंतीत लागण्याची शक्यता जास्त.

टोपी महिन्यातून एकदा काढून काजळी खरवडावी लागते. ते तात्यांचा मुलगा आमच्या गच्चीवर येऊन करतो, तो पुण्याला गेला की मी करतो. टोपीच्या फटीबद्दल दुकानाला आता लेखी पत्र दिलंय, मोजमापांसह, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला तरी ती नीट मिळेल. उत्तर अजून आलेलं नाही. आलं की इथेच लिहीन.