सेलचं तिकीट, क्रूझच्या तोंडावर बदललेली फ्लाइट आणि नंतरचे काही महिने

पावसाळ्यातल्या एका सेलमध्ये या एअरलाइनची तिकिटं काढायला सुरुवात केली आणि तेव्हापासून घरातले सगळे यांच्याच विमानाने फिरतोय, नाव लिहीत नाही कारण मला भांडायचं नाहीये, अनुभव सांगायचाय. नागपूर, दिल्ली, एकदा गोवा असं झालं. त्याबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. पुण्याच्या लोहगाव विमानतळाचं नवं टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झालं त्यानंतर आत निदान बसायला जागा मिळते, विमानं बऱ्यापैकी वेळेवर, खायचं विकत, पुढची सीट विकत. या भावात चालतं.

खरी परीक्षा दिवाळीच्या सुट्टीत झाली. सिंगापूरहून क्रूझ होती, पेनांग-फुकेत करून परत, आई-बाबांसकट सगळे. पुण्याहून संध्याकाळी निघून बेंगळुरूला विमान बदलायचं, पहाटे सिंगापूर आणि त्याच दिवशी दुपारी बोटीवर. एक दिवस आधी का नाही गेलात असं सगळे विचारतात, तर मुलीची सहामाही निघायच्या दिवशीच संपत होती, बाईंना काय सांगणार.

निघायला तीनेक आठवडे असताना मेसेज आला, तुमची फ्लाइट रीशेड्यूल झाली आहे, खाली ॲक्सेप्ट करा. संध्याकाळचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे आम्ही सिंगापूरला उतरणार रात्री आणि बोट सुटणार संध्याकाळी ५ ला. बाबा म्हणाले, अरे बोट म्हणजे काय पीएमटीची बस आहे का, ही गेली तर मागची येईल! क्रूझचे पैसे तोवर पूर्ण भरलेले आणि एक रुपया परत मिळणार नाही अशा टप्प्यावर. एजंट म्हणाला पेनांगला जाऊन चढा, मलेशियाला डिसेंबर २०२३ पासून आपल्याला व्हिसा लागत नाही, पण त्याला क्रूझवाल्यांची परवानगी लागते, सहा जणांची वेगळी तिकिटं लागतात आणि ते हो म्हणतीलच असं नाही.

हे असं का होतं तर विमानांचं हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून लागतं, आणि सेल लागतो त्याच्या कितीतरी आधी. त्यात पुण्याची धावपट्टी हवाई दलाची, हवी ती वेळ मिळत नाही. त्यामुळे ऑक्टोबर अखेरचं किंवा मार्च अखेरचं (उन्हाळी वेळापत्रक तेव्हा बदलतं) स्वस्त तिकीट जून-जुलैत घेतलं की वेळ हलू शकते हे धरूनच चालायचं.

कस्टमर केअरला पहिला फोन केला तर मुलगी गोड आवाजात म्हणाली, सर सेल फेअर आहे, चेंज फी आणि फरक भरावा लागेल. इथे बहुतेक लोक फोन ठेवतात. पण चेंज फी आपण बदललं तर असते, त्यांनी बदललं तर कसली फी? मी मेसेज नीट पाहिला तर नव्या विमानाचा नंबरच वेगळा होता, म्हणजे आमचं विमान रद्द झालं होतं आणि हे त्याला रीशेड्यूल म्हणत होते. रद्द झालं तर डीजीसीएचा (विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) नियम असा आहे की २ आठवडे आधी कळवायचं आणि प्रवाशाला मान्य होईल असं दुसरं विमान किंवा रिफंड द्यायचा. तिकीट सेलचं होतं म्हणून हा हक्क जात नाही. भरपाई मात्र मागू नका, एवढं आधी कळवलं की ती लागू होत नाही.

ॲक्सेप्ट दाबलं नाही. ईमेल लिहिला, त्यात त्यांचंच मुंबई-सिंगापूर थेट विमान शोधून नंबरासकट दिलं, त्याच रात्रीचं. हे महत्त्वाचं, कारण 'काहीतरी करा' म्हटलं की ते त्यांच्या सोयीचं करतात. पुन्हा फोन, पुन्हा तीच टेप, मग सुपरवायझर, शेवटी फुकट बदलून मिळालं. परतीचं पुण्याचं तिकीट तसंच राहिलंय ना हे त्याच फोनवर वदवून घेतलं.

मुंबईपर्यंत गाडीचा खर्च आपला, तो मागितला तर सरळ नाही म्हणाले. परीक्षा संपल्यावर मुलीला शाळेतूनच उचललं, एक्स्प्रेसवेला लोणावळ्याच्या घाटात ट्रॅफिक, आईचा जीव वर-खाली, पण वेळेत पोचलो. बोट मिळाली. इन्शुरन्सचाही काही उपयोग नव्हता, माझ्या पॉलिसीत ऐनवेळचा उशीर येतो, आधी कळवलेला बदल नाही.

रद्द झालेल्या विमानात सीट निवडायला वेगळे भरलेले पैसे मात्र क्रेडिट शेलमध्ये, म्हणजे त्यांच्याकडेच जमा ठेवून पुढच्या तिकिटाला वापरायचे अशा खात्यात, टाकून मोकळे झाले. क्रेडिट शेल घ्यायचं की नाही हे प्रवाशाने ठरवायचं असतं, तसं दोनदा लिहूनही उत्तर नाही, मग सरकारच्या एअरसेवावर तक्रार टाकली आणि पैसे कार्डवर आले. रक्कम किरकोळ होती, पण आता हट्टाला पेटलो होतो.

५ पैकी ३ स्टार. नागपूरला जायला पुढच्या सेलमध्येही यांचंच काढणार. मे महिन्यात बाबांना कोचीहून लक्षद्वीपच्या बोटीने जायचंय, तिथे मी दोन दिवस आधीचं विमान बघतोय आणि बायको म्हणतेय ट्रेनने चला.