‘नहीं’ न गाळणारं टायपिंगचं दुकान

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते शेवटी सांगते.

इंदूर हायकोर्टात फौजदारी अपिलं करता करता माझी सतरा वर्षं गेली, आणि तेवढ्या काळात टायपिंगवाले किती बदलले ते विचारू नका. एम. जी. रोडच्या बाजूला एका गल्लीत हे दुकान आहे. आत दोन माणसं मावतात, तिसऱ्याने बाहेर स्कूटरला टेकून उभं राहायचं. मालक काका मराठी आहेत, पण गिऱ्हाइकांशी इंदौरी हिंदीतच बोलतात. मी ‘काका’ म्हटल्यावर मात्र गाडी लगेच मराठीवर येते, “या वकीलबाई, आज काय जाळपोळ?”

जाळपोळ नव्हती, गाडी लुटल्याचं प्रकरण होतं. रात्री बायपासवर भाड्याच्या गाडीत दोघे प्रवासी बसले. पुढे अंधारात मागून ड्रायव्हरच्या गळ्याशी काहीतरी लावलं, हातावर वार केला, त्याला खाली ढकललं आणि गाडी घेऊन गेले. सेशन्स कोर्टाने जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 394 (लुटताना जखमी करणं) आणि 397 (घातक शस्त्र वापरून लूट) खाली शिक्षा दिली. 397 लागलं की सात वर्षांच्या खाली यायला न्यायाधीशालाही वाट नसते. एका आरोपीची आई माझ्याकडे आली, तेव्हा अपिलाच्या 60 दिवसांतले मोजून चार शिल्लक होते. (निकालाच्या नकलेला लागलेले दिवस वजा करूनच चार, बरं का.)

साक्षीदार म्हणाल तर तो ड्रायव्हर एकटाच, तोही जखमी. जखमी साक्षीदाराला कोर्ट जास्त वजन देतं आणि त्यात चुकीचं काही नाही; अंगावर टाके असलेला माणूस घटनास्थळी नव्हता, असं कोण म्हणणार? एकट्या साक्षीदारावरही शिक्षा होते. सुप्रीम कोर्टाने 1957 मध्ये वडिवेलू थेवर प्रकरणात साक्षीदारांचे तीन प्रकार सांगितले: पूर्ण भरवशाचा, अजिबात भरवशाचा नसलेला, आणि मधला. मधल्याला दुसऱ्या पुराव्याचा टेकू लागतो. माझं सगळं अपील या ड्रायव्हरला मधल्या खान्यात बसवण्यावर होतं. तो खोटं बोलतोय असं मला आजही वाटत नाही. त्याने वार खाल्लाय. पण चेहरे पाहिले का, हा प्रश्न वेगळा.

कोर्टात तो म्हणाला, गाडीतला दिवा लागला तेव्हा दोघांचे चेहरे नीट दिसले. पोलिसांनी घेतलेल्या कथनात दिव्याचा पत्ताच नाही. ते कथन म्हणजे प्रधान आरक्षकाच्या (हेड कॉन्स्टेबलच्या) हस्ताक्षरातली कार्बन कॉपीची झेरॉक्स, तिची परत झेरॉक्स. त्यात एक ओळ: “अंधेरा होने से चेहरा ठीक से नहीं देख पाया.” पोलीस कथन स्वतः पुरावा होत नाही, साक्षीदाराला खोडून काढण्यापुरतंच ते वापरता येतं, आणि त्यासाठी तो भाग उलटतपासात त्याच्यासमोर ठेवावा लागतो. खालच्या कोर्टातल्या वकिलाने ते चोख केलं होतं: प्र.डी. 1, म्हणजे बचावाचा पहिला दस्तऐवज, आणि त्यातला ‘ए से ए भाग’, म्हणजे दोन ‘ए’ खुणांमधला मजकूर. देव त्याचं भलं करो.

हे कथन मी आधी दुसऱ्या एका दुकानात टायपिंगला दिलं होतं. घरी जेवणं आटोपल्यावर वाचायला घेतलं, तर ‘ए से ए’ भागात छापलेलं, “चेहरा ठीक से देख पाया.” ‘नहीं’ गायब! खाली ‘सत्य प्रतिलिपि’ म्हणून सही माझी व्हायची होती. शिवाय “चक्कू जैसी चीज” चं त्या पोराने सुधारून “चाकू” केलेलं. त्याला वाटलं, बाईंची हिंदी कच्ची. अरे बाबा, 397 मध्ये घातक शस्त्र लागतं, नाहीतर जबर दुखापत किंवा तिचा प्रयत्न तरी; ‘जैसी चीज’ वर माझं अर्धं पान उभं आहे!

दुसऱ्या दिवशी सकाळी या काकांकडे. त्यांनी आधी ट्यूबलाइटखाली कागद धरला, मग उलटा करून मागून पाहिला. तीन शब्द लागेनात. तिथे अंदाजाने काही न भरता ठिपके घातले आणि कंसात ‘अपठनीय’. “मला लागत नाही तर लागत नाही. मी काय साक्षीदार आहे का?”

या दुकानाची खरी चीज म्हणजे मिलान. टायपिंग झालं की काकांची भाची मूळ कागद मोठ्याने वाचते, काका स्क्रीनवर बोट ठेवतात. चुकीची ऱ्हस्व-दीर्घंसुद्धा जशीच्या तशी. ‘नहीं’ आलं की ती जरा थांबते आणि काका “हो, नहीं” म्हणतात. ही सवय कशी लागली विचारलं, तर म्हणाले, पूर्वी एकदा जामिनाच्या अर्जात हेच झालं होतं, त्या वकिलाने आठवडाभर दुकानासमोर शिव्या घातल्या. मिलानाचे पैसे वेगळे, पानामागे पाच रुपये. ते मागताना काका संकोचतात. द्यायला आपण संकोचू नये.

कृतिदेव या जुन्या हिंदी फॉन्टमधलं युनिकोडमध्ये करून देतात, आणि त्यातही जोडाक्षरं फुटली नव्हती. ‘प्र’ चा ‘प’ कुठे झाला नाही, एवढं मी स्वतः तपासलं. ई-फायलिंगसाठी पानांवर नंबर घालून, बुकमार्क लावून फाइल तयार.

अपील मुदतीत दाखल झालं. सुनावणी व्हायची आहे, त्यामुळे त्याबद्दल जास्त बोलत नाही.

आता कापलेला तारा. वेळ पाळणं काकांच्या कुंडलीत नाही. “चार वाजता” म्हणजे सहा, आणि मधल्या वेळात तुम्हाला पोहे खाऊन यायला सांगतात. पावती मागितली तर असं बघतात, जणू मी त्यांना पक्षद्रोही, म्हणजे फितूर साक्षीदार, घोषित केलंय. आणि पेन ड्राइव्ह तिथल्या मशीनला चुकूनही लावू नका, फाइल मेल करा. व्हायरसने माझ्या पेन ड्राइव्हमधल्या प्रत्येक फोल्डरचा शॉर्टकट झालाय, मुलीच्या शाळेच्या फोटोंसकट.