नृत्य, देहोपचार आणि आज्यांची परंपरा: एका हंगामाच्या वापरानंतरचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात, आमच्या गावात बचत गटाच्या पुढाकाराने स्त्रियांसाठी नृत्य, देहोपचार आणि पूर्वजांच्या अध्यात्मपरंपरेचा एक अभ्यासक्रम पेरणीच्या दिवसांत सुरू झाला आणि संक्रांतीला संपला. प्रशिक्षिका पुण्याहून महिन्यातून एकदा येत. एरवी आम्ही समाजमंदिरात जमून मोबाइलवरच्या ध्वनिमुद्रित सूचनांप्रमाणे सराव करत असू. शुल्क प्रत्येकीला जवळपास एक क्विंटल सोयाबीनच्या भावाइतके पडले. ही रक्कम लहान नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मी शाळेत शिकवते, घरची कोरडवाहू शेती आहे, आणि गटातील बहुतेक जणी कापूस वेचणाऱ्या आहेत.

नृत्याच्या भागाने मला खरोखर काही दिले. नृत्योपचार या पद्धतीचा आधुनिक उगम वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात आहे. तेथे मॅरियन चेस या नर्तिकेने १९४२ पासून मनोरुग्णांबरोबर, त्यांत युद्धावरून परतलेल्या सैनिकांबरोबरही, काम केले. जो माणूस बोलत नाही त्याची हालचाल आपल्या अंगाने उचलायची, म्हणजे त्याला आपली दखल घेतली गेल्याचे कळते, हे तिच्या पद्धतीचे सूत्र. आमच्याकडे त्याला ‘आरसा’ म्हणत: दोघींनी समोरासमोर उभे राहायचे, एकीने हलायचे, दुसरीने तसेच करायचे, मग पाळी बदलायची. ऐकताना पोरखेळ वाटतो, परंतु सासूसमोर कधी मान वर न केलेली सून तिच्याच वयाच्या मजूर बाईच्या हाताची उंची गाठत उभी राहिली, तेव्हा समाजमंदिरातले हसणे आपोआप थांबले.

सुरुवातीची मोठी अडचण पदराची होती. हात डोक्याच्या वर न्यायचे म्हटले की पदर घसरणार, आणि तो सावरणारा हात वर जाणारच नाही. पदर कमरेला खोचून, खिडक्या लावून घेतल्यावर काम मार्गी लागले. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे कमरेला ओटी बांधून वाकलेली बाई कापसाचे एक तास, म्हणजे ओळ, ओलांडेपर्यंत सरळ होत नाही. खांदे पुढे आणि मान खाली, अशीच तिची सवय पडते. या साचलेल्या ठेवणीच्या उलट दिशेला शरीर नेणारी प्रत्येक हालचाल आम्हांला लागू पडली. माझ्या खांद्यांचे आखडणे निश्चित कमी झाले आणि झोप सुधारली; गुडघ्यांत मात्र काडीचाही फरक नाही. मनाच्या दुखण्यावर हा हमखास उपाय आहे असे कोणी सांगत असेल तर सावध राहावे. नैराश्यावरील नृत्योपचाराचा कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये आढावा घेतला, तेव्हा त्यांच्या निकषांत बसणारे तीनच अभ्यास मिळाले, त्यांत एकूण १४७ माणसे होती, आणि त्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही असेच त्यांनी नोंदवले.

देहोपचाराच्या भागात चेंडूवर पाठ दाबणे, अंग झटकून सैल सोडणे आणि उच्छ्वास लांबवणे हे शिकवले. त्यात वावगे काही नव्हते. मात्र आमच्या गटात एक वृद्ध सुईण होती, जिच्या हाताखाली निम्मे गाव चोळले गेले आहे. बाजेखालची शेगडी, ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, तिळाचे तेल, यांपैकी काय उपयोगाचे आणि धुराने बाळाला काय त्रास होतो, हे तिच्याकडून ऐकण्यासारखे होते. पूर्वजांचे ज्ञान असे नाव असलेल्या अभ्यासक्रमाने तिला एकदाही बोलू दिले नाही.

याच भागातील एक गोष्ट गंभीर आहे आणि ती संबंधित बाईंच्या संमतीने लिहिते. त्यांना कित्येक महिने अंगावरून जास्त जात होते आणि कंबर धरली होती. ‘गर्भाशयात आज्या-पणज्यांचे न रडलेले दुःख साचले आहे’ असे त्यांना सांगण्यात आले आणि ओटीपोटावर हात ठेवून श्वास घेण्याचा सराव दिला गेला. पुढे शाळेतल्या आम्ही दोघी त्यांना रुग्णालयात घेऊन गेलो, तर गर्भाशयात गाठ आणि रक्त फारच कमी. विदर्भातल्या माणसांना तरी हे नवे असू नये. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आढळला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. जिथे दुखणे सांगायलाच बाई कचरते, तिथे त्या दुखण्याला सुंदर आध्यात्मिक अर्थ चिकटवणे म्हणजे तिला दवाखान्यापासून आणखी दूर नेणे होय.

अध्यात्माच्या सत्रांत परदेशी वनस्पतीची धुरी आणि चामड्याचा अनोळखी ढोल असे. (ऊद आणि डफडे गावातच होते, तेही फुकट.) अशाच एका सत्रात एकीच्या अंगात आले. प्रशिक्षिकेने त्याला ‘शक्ती जागृत झाली’ म्हटले, आणि दुसऱ्या आठवड्यात दोन घरची माणसे तिला कौल विचारायला आली. अंगात शक्ती संचारल्याचे भासवून लोकांना घाबरवणे किंवा फसवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ती बिचारी फसवत नव्हती, कर्जाने आणि जागरणाने थकलेली होती. तिला गरज होती ती बोलण्याची. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक तिला शेवटी आमच्या आशाताईंनी दिला.

याउलट, परंपरेने खरे काम केले ते आमच्या आग्रहाने झालेल्या भुलाबाईच्या सत्रात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडून गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखतात, हे वऱ्हाडात सर्वांना ठाऊक आहे. पण लग्न झालेली बाई त्यातून बाहेर पडते. त्या गाण्यांत सासरची सारी गाऱ्हाणी टाळ्यांच्या ठेक्यावर उघडपणे म्हटली जातात. चाळिशी-पन्नाशीच्या बायकांनी तीच गाणी फेर धरून म्हटली, मध्ये थांबून स्वतःच्या ओळी जोडल्या, आणि एका सासूने सुनेची ओळ उचलून धरली. तेवढ्यापुरते शुल्क वसूल झाले असे मी मानते.

ढेमसा या आदिवासी समूहनृत्याचीही अशीच गंमत झाली. प्रशिक्षिका व्हिडिओवरून शिकलेला ढेमसा आम्हांला शिकवत होत्या, आणि गटातल्या कोलाम पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, दोघी तोंडाला पदर लावून हसत होत्या. ‘ताई, पाय असा नाई टाकत,’ असे म्हणून त्यातली एक पुढे आली आणि उरलेला तास तिनेच घेतला. तिला मानधन द्यावे ही आमची मागणी अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थेने अजून मान्य केलेली नाही.

पुढच्या टप्प्यासाठी मी नाव नोंदवलेले नाही. ज्यांना हा अभ्यासक्रम घ्यायचा असेल त्यांनी आधी ग्रामीण रुग्णालयात रक्त आणि पोटाची तपासणी करून घ्यावी, वेचणीच्या भरात सत्रे ठेवू नयेत, आणि केवळ नृत्याच्या भागाचे वेगळे शुल्क ठरवून मागावे. आमच्या शेजारच्या गावाला ते मिळाले आहे.